वरची, खालची की बाजूची

माझे भाऊजी वजनमापे निरीक्षक होते. दुकानातला काटा बरोबर आहे का, लिटरचं माप खरंच लिटरभर भरतं का, हे तपासायचं आणि त्यावर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. एकतीस वर्षं त्यांनी ते केलं. भाजी आणायला पाठवलं तर भाजीवाल्याचा काटा तपासून परत यायचे, पिशवी रिकामीच. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात ताईने त्यांना बाजारात पाठवणं बंद केलं.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. मी स्वतः पाट्या रंगवतो. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, ‘येथे गाडी लावू नये’ अशा. ब्रश बुडवायचा, श्वास धरायचा आणि रेघ ओढायची. माझ्या धंद्यात फार विचार करून चालत नाही, कारण तोवर रंग वाळतो. तेव्हा भाऊजींची गोष्ट मी सांगणार म्हणजे थोडी चिडूनच सांगणार, हे आधीच सांगून ठेवतो.

ताई बस चालवायची. सात नंबरची, डेपोपासून पुलापलीकडच्या कागद कारखान्यापर्यंत आणि परत. तिच्या आधी आमच्या डेपोत कुठल्या बाईने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. भाऊजी तिला भेटले ते स्टॉपवर. नोकरी नवीन, हातात प्रमाण वजनांची लाकडी पेटी, आणि जायचं होतं पाच नंबरने. पाच नंबरच्या तीन बस त्यांनी सोडल्या, कारण पाटी दोनदा वाचून खात्री करेपर्यंत बस निघून जायची. चौथी आली ती सात नंबर. ताईने त्यांच्यासमोर दार उघडलं आणि विचारलं, “यायचंय की नाही?” भाऊजी चढले. चुकीच्या बसमध्ये, चुकीच्या दिशेने, थेट कारखान्यापर्यंत गेले. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. खात्री न करता त्यांनी केलेली ती एकमेव गोष्ट, निदान माझ्या माहितीत तरी.

बारा वर्षांपूर्वी त्यांनी ताईला तिचीच बस करून द्यायचं मनावर घेतलं. प्लास्टिकचे पातळ पत्रे कापून, चिकटवून, हातभर लांबीची. बेचाळीस सीटा, उघडणारं पुढचं दार, काडीएवढा गिअर. मापात म्हणाल तर कुठे बोट ठेवायला जागा नाही. डेपोत टेप घेऊन जाऊन त्यांनी अख्खी बस मोजली होती. ताईच्या सीटला बसून बसून पडलेला खड्डासुद्धा मोजला आणि तो त्या इवल्याशा सीटला पाडला. सगळं झालं, फक्त रंग राहिला. करड्या प्लास्टिकची ती बस कपाटावर जाऊन बसली आणि तिथेच राहिली.

मी तेव्हाच म्हणालो होतो की द्या इकडे, दहा मिनिटांत हिरवी करून देतो. भाऊजींनी माझ्या ब्रशकडे पाहिलं, जणू मी झाडू घेऊन आलो होतो. ब्रशच्या रेषा दिसतात म्हणे. एवढ्याशा बसवर केसाएवढी रेष राहिली, तर खऱ्या बसवर तो आगकाडीएवढा जाड ओरखडा होईल. हिशेब बरोबर होता, त्यामुळे मला जास्तच राग आला. त्यांचं म्हणणं एकच, रंग मारायचा तो एअरब्रशने.

एअरब्रश म्हणजे पेनाएवढी पिचकारी. मागच्या नळीतून हवा येते, बोटाने खटका दाबला की ती हवा रंगाचा बारीक फवारा उडवते. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण रंग त्या पेनात शिरतो कुठून, यावर त्याचे तीन प्रकार पडतात. एकीला वर वाटी असते, तिच्यातला रंग आपल्या वजनाने खाली उतरतो. दुसरीला खाली बाटली असते, हवेच्या ओढीने रंग वर चढतो. तिसरीची वाटी बाजूला असते, ती हवी तशी फिरवता येते. घरात त्यांची नावं पडली वरची, खालची आणि बाजूची. नव्या पाहुण्यांना वाटायचं, भाऊजी शेजारणींबद्दल बोलतायत.

एक निवडून आणायची सोडून त्यांनी तिन्ही आणल्या, आणि तपासणी सुरू केली. पाण्याने. रंगाने का नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, एकदा आत रंग गेला की ती वापरलेली झाली, मग तिला नमुना कसं म्हणायचं. ऑफिसातल्या त्यांच्या पेटीत मखमलीवर ठेवलेली प्रमाण वजनं असायची. ती उघड्या हाताने शिवायची नाहीत आणि त्यांनी साखर तोलायची नाही; ती फक्त दुसऱ्या वजनांना तपासायला. तोच न्याय इथे. रोज सकाळी तिन्हींत नळाचं पाणी भरायचं, टीपकागदावर फवारा मारायचा, तीन सेकंदांत किती मोठा गोल भिजला ते मोजून वहीत लिहायचं. मग नळाच्याच पाण्याने धुऊन तिन्ही उलट्या टांगायच्या. ताई ओट्यापाशी चहा गाळत असायची आणि तिच्या मागे फुस, फुस, फुस चालायचं.

तिसऱ्या वर्षी त्यांच्या लक्षात आलं की तिन्हींचे गोल हळूहळू लहान होत चालले आहेत. त्यावर त्यांनी आठवडाभर विचार केला आणि निष्कर्ष काढला की खटका दाबणारं बोट थकतंय. वहीत नवा रकाना आला, ‘बोटाच्या वयाची वजावट’. उजव्या हाताच्या त्या बोटाला ते जपायला लागले. दाराची बेल करंगळीने वाजवायची, फोन डाव्या हाताने फिरवायचा, भाकरीचा तुकडा मोडायचा तर बाकीच्या चार बोटांनी. दुसरी अडचण त्याहून मोठी होती. तिन्हींमधला फरकही कमी होत चालला होता. पहिल्या वर्षी नुसत्या डोळ्यांना दिसायचा तो आठव्या वर्षी भिंगाने शोधावा लागायचा. जितकं तपासावं तितकं ठरवणं अवघड होत होतं, म्हणून ते आणखी तपासायचे. मी हात टेकले होते.

कहर म्हणजे दुसऱ्यांना सल्ला द्यायला या माणसाला दोन मिनिटं पुरायची. गावात कुणालाही एअरब्रश घ्यायचा असला की तो भाऊजींकडे यायचा. केक करणारी एक बाई आली. भाऊजींनी विचारलं, काम आडवं की उभं, रंग किती लागतो. आडवं आणि थेंबभर, असं ती म्हणाली. तिला सांगितलं, वरची घे, थोड्या रंगात बारीक काम होतं आणि धुवायला सोपी. शाळेच्या नाटकांचे पडदे रंगवणारी शिक्षिका आली, तिला खालची. एकदा बाटली भरली की अर्धा पडदा निश्चिंत, आणि दुसरा रंग हवा तर नुसती बाटली बदलायची. लोकांच्या छतावर ढग काढून देणारा एक जण आला, त्याला बाजूची. ब्रशचं तोंड आढ्याकडे केलं तरी वाटी फिरवून सरळ ठेवता येते. तिघंही खूश होऊन गेली. केकवाली दरवर्षी एक केक पाठवायची, फवाऱ्याने गुलाब काढलेला. भाऊजी भिंग लावून तो गुलाब बघायचे, “वरचीचं काम” म्हणायचे आणि दिवसभर गप्प असायचे.

मी एकदा त्यांना कोंडीत पकडायला विचारलं, समजा एखादा माणूस अशीच हातभर बस घेऊन तुमच्याकडे आला, तर त्याला काय सांगाल? भाऊजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “आधी विचारीन, बस कुणासाठी केलीय.” मला वाटलं, उत्तर टाळतायत.

नवव्या वर्षी तर त्यांनी ही तपासणी चालत्या बसमध्ये नेली. हात थरथरला तर कोणती किती सांडते हे बघायचं होतं, आणि सात नंबरच्या रस्त्याइतका थरथरणारा रस्ता दुसरा नव्हता. उभ्या प्रवाशांनी धरायच्या दांड्याला तिन्ही बांधल्या, पाणी काठोकाठ भरून. ताई समोर बघून गाडी चालवत होती, भाऊजी हातात घड्याळ घेऊन मधल्या वाटेत उभे. पहिल्याच गतिरोधकावर वरची एका कारकुनाच्या टकलावर सांडली. त्याने रुमालाने डोकं पुसलं आणि अगदी शांतपणे विचारलं की हे सरकारी आहे का. भाऊजींनी खरं ते सांगितलं, घरगुती. मग त्याने भांडण काढलं.

पण भांडता भांडता त्याला सगळं समजावून सांगावं लागलं, आणि बाकीच्यांनीही ते ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून बसमध्ये पक्ष पडले. कारखान्याचा फोरमन खालचीच्या बाजूने. बाटलीला झाकण आहे, सांडायचा प्रश्नच नाही, यात एवढं विचारात पडण्यासारखं काय आहे, असं त्याचं मत. दवाखान्यातली एक नर्स बाजूचीवाली. आणि ज्याच्या डोक्यावर पाणी सांडलं तो कारकून का कोण जाणे, वरचीचा कट्टर माणूस झाला. तीन वर्षं ती मंडळी चढताना ताईला नमस्काराऐवजी विचारायची, “ठरलं का?” ताई म्हणायची, “पुढे सरका.”

इतकं सगळं होऊन ताई कधी चिडली नाही, हे मला सर्वांत जास्त खुपायचं. पण एक मी पाहत होतो. दर रविवारी ती कपाटावरची ती करडी बस खाली काढायची, ओल्या फडक्याने पुसायची, पुढचं दार एकदा उघडून बघायची आणि परत ठेवायची. बारा वर्षं. कधी कुणाकडे काही मागायचा तिचा स्वभाव नव्हता. पण तिला ती बस हवी होती, हिरवी हवी होती, आणि ते न कळायला मी काही भाऊजी नव्हतो.

मग डेपोतून पत्र आलं. महिनाअखेरच्या शनिवारी ताईची शेवटची फेरी. आणि सात नंबरची ती जुनी हिरवी गाडीही त्याच दिवशी बंद होणार, सोमवारी भंगारात. नव्या गाड्या सगळ्या पांढऱ्या आलेल्या. त्या दिवशी जेवताना ताईने पहिल्यांदा काही मागितलं.

“शनिवारी मला ती डॅशबोर्डवर हवीय,” ती म्हणाली. “रंगवलेली. खरी गाडी गेल्यावर माझ्याकडे तेवढीच राहणार.”

भाऊजी म्हणाले, “खात्री झाली की लगेच.”

ताईने पानातलं संपवलं, ताट उचललं आणि दोन दिवस त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. तीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. तिसऱ्या दिवशी भाऊजी माझ्या दुकानात येऊन बसले. मी एका दंतवैद्याची पाटी करत होतो. बराच वेळ ते माझा हात बघत बसले आणि मग विचारलं, रेघ ओढताना तुम्हाला भीती वाटत नाही का? मी म्हटलं, वाटते ना, म्हणून तर पटकन ओढतो.

शेवटच्या फेरीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी कामाला दांडी मारून सकाळीच त्यांच्याकडे गेलो. खिशात ब्रश ठेवला होता, लागलाच तर असावा म्हणून. ताई सकाळच्या पाळीवर होती. भाऊजींनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिन्ही मांडल्या होत्या, शेजारी नऊ वह्या. डेपोच्या रंगाऱ्याने त्या जुन्या हिरव्याचा शेवटचा अर्धा डबा दिला होता. भाऊजींनी रात्री सगळ्या वह्यांची सरासरी काढली होती म्हणे, आणि वरची एका केसाने पुढे निघाली होती. म्हणाले, “ठरलं.” मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो. बारा वर्षांनी तो शब्द ऐकला होता.

त्यांनी रंग थेंब मोजून पातळ केला. वाटीत ओतला. हातमोजा घातला, बस डाव्या हातात धरली, हवेचा कॉम्प्रेसर सुरू केला आणि जपून ठेवलेल्या त्या बोटाने खटका दाबला. काही झालं नाही. हवेचा सूं आवाज आला आणि खालच्या वर्तमानपत्रावर हिरवा थेंब पडला. त्यांनी वरची खाली ठेवली आणि बाजूची घेतली. तिच्यातून तोही पडला नाही. खालची जरा खोकली, एक पिंक टाकली आणि गप्प झाली.

भाऊजींनी मोजा काढला आणि आपल्या बोटाकडे पाहिलं.

“गेलं,” ते म्हणाले. “बोट गेलं.”

मी त्यांच्या हातातून ती घेतली आणि माझ्या बोटाने दाबली. माझं बोट दिवसाला चार पाट्या करतं. तरीही काही आलं नाही. मग मी तिचं तोंड फिरवून काढलं, म्हणजे ज्या बारीक भोकातून फवारा येतो ते नोझल, आणि खिडकीकडे धरलं. आत पांढरा थर होता, पाणी उकळून उकळून किटलीला आतून बसतो तसा. तिन्हींत तेच. बारा वर्षं रोज नळाचं पाणी आत गेलं, तिथेच वाळलं आणि आपला क्षार ठेवून गेलं. गोल त्यामुळे लहान होत होते. तिन्हींतला फरकही त्यामुळेच मिटत चालला होता, कारण तिन्ही सारख्याच चोंदत होत्या. बोटाचा काहीच दोष नव्हता.

हे मी सांगितलं नाही. त्यांचं त्यांनाच कळत गेलं, आणि ते कळताना बघणं फार वाईट होतं. बराच वेळ त्यांनी ते नोझल तळहातावर धरून ठेवलं. मग सगळ्यात खालची, पहिली वही ओढली आणि पहिलं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. बारा वर्षांपूर्वीचं त्यांचंच सुबक अक्षर. ‘वरची या कामास सर्वथा योग्य. फरक स्पष्ट. खात्री करून घ्यावी.’

मी इतकी वर्षं या क्षणाची वाट पाहत होतो. एकदा तोंड उघडून बोलायचं म्हणून मनात वाक्यं तयार होती. पण त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. खिशातल्या ब्रशला हात लावावासा वाटेना. म्हातारा झाला होता माणूस. मी नुसता त्यांच्या शेजारी बसलो.

अडीच वाजता ताई आली, अंगावर खाकी गणवेश, हातात डबा. तिने टेबलाकडे पाहिलं, नोझल उचललं, डोळ्याला लावलं आणि परत ठेवलं.

“रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालतं का कुणी?” ती म्हणाली.

एवढंच बोलली ती. बाह्या वर केल्या, पातेल्यात व्हिनेगर कोमट केलं आणि तिन्ही खोलून त्यात टाकल्या. डिझेल गाळतात तसा रंग मला जुन्या पायमोज्यातून गाळायला लावला. भाऊजी बाजूला उभे राहून पातेल्याकडे बघत होते, एखाद्या पेशंटच्या नातेवाइकासारखे. तासाभराने ताईने एकेक काढून बघितली. बाजूचीचा थर हललाही नव्हता. वरचीची सुई आत घट्ट बसली होती, आणि ती ओढताना त्या नाजूक नोझलला तडा गेला. टिक असा आवाज आला. भाऊजींनी डोळे मिटून घेतले. खालचीचं तोंड मुळातच मोठं, ती तेवढी मोकळी झाली.

भाऊजी म्हणाले, ही नको. हिचा फवारा जाड. ही आपण पहिल्याच दिवशी बाद केली होती, पान तिसरं. त्यापेक्षा सोमवारी नवीन वरची मागवू. सोमवारी गाडी भंगारात जाईल, असं मी म्हणालो. ते म्हणाले, ही छोटी बस तर कुठे जात नाही ना. तेव्हा ताईने खालचीची बाटली भरली, ती त्यांच्या उजव्या हातात दिली, डाव्या हातात बस दिली आणि कॉम्प्रेसर सुरू केला.

बोट खटक्यावर होतं. दाबलं जात नव्हतं. कॉम्प्रेसर घरघरत होता, ताई समोर उभी होती, आणि भाऊजी बसकडे बघत होते. एक मिनिट गेलं असेल, दोन गेली असतील. मला आठवतं, त्यांच्या कपाळावरून घाम निघून चष्म्यावर पडला.

ताई म्हणाली, “यायचंय की नाही?”

भाऊजींनी खटका दाबला.

हिरवा उडाला. आधी डावी बाजू, मग टप, मग मागचं बंपर. त्या माणसाला थांबवावं लागेल की काय असं वाटलं. फवारा जाडच होता, खोटं कशाला सांगू. अंग संत्र्याच्या सालीसारखं खरखरीत आलं, आणि मी कागद लावून झाकलेल्या खिडक्यांच्या कडांवर थोडा हिरवा उतरलाच. बारा वर्षांत त्यांनी भिंगाखाली ज्या ज्या दोषाची भीती घेतली होती, तो प्रत्येक दोष तिथे हजर होता. पण रंग तोच होता. ताई वाकून बघत राहिली. कागद काढल्यावर भाऊजी माझ्याकडे वळले. “पाटी तेवढी तुम्ही लिहा, मेव्हणे,” म्हणाले. मी खिशातला ब्रश काढला, श्वास धरला आणि पुढच्या काचेवर सात लिहिला. त्यांनी भिंग लावलं नाही.

बस पंख्यासमोर वाळत ठेवली. संध्याकाळी सहाच्या सुमारास मी चहाचा कप ठेवायला वळलो, तर भाऊजी बसपाशी उभे. वाळला का, याची खात्री करायला त्यांनी बोट लावलं होतं. तेच बोट. पुढच्या दारावर त्याचा ठसा उमटला, रेषान् रेषा. ते चोरी पकडल्यासारखे उभे राहिले आणि म्हणाले की पुसून तेवढा भाग पुन्हा मारतो. ताईने त्यांचा हात धरला.

“राहू दे,” ती म्हणाली. “त्याच दारातून चढला होतात.”

शनिवारी सात नंबरला उभं राहायला जागा नव्हती. डॅशबोर्डवर ती छोटी बस, दोरीने बांधलेली. भाऊजी आणि मी पुढच्या सीटवर. पुलाच्या स्टॉपवर फोरमन चढला, त्याने ती हिरवी बस पाहिली आणि पैसे हातात तसेच धरून तो मधल्या वाटेत थांबला. त्याच्या मागे नर्स, तिच्यामागे तो कारकून.

“कोणती?” फोरमनने विचारलं.

भाऊजी उभे राहिले. निरीक्षक असताना निकाल सांगायला उभे राहायचे तसे.

“खालची,” ते म्हणाले.

फोरमनने मुठी वर केल्या. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. कारकून खाली बघायला लागला, आणि भाऊजींना ते दिसलं. त्यांनी हात वर केला आणि सगळे गप्प होईपर्यंत थांबले.

“योग्य वरचीच होती,” ते म्हणाले. “पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं.”

कारकुनाने विचारलं, मग ती का नाही वापरली. बेचाळीस सीटा आणि तीस उभे प्रवासी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी ताईच्या पाठीकडे पाहिलं, तिच्या खांद्यांकडे, ती बसली होती त्या जुन्या सीटकडे.

“मी उशीर केला,” ते म्हणाले. “हिला बारा वर्षं थांबवून ठेवलं.”

ताईने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं, तशी ती प्रवाशांकडे रोज बघायची, पैसे बुडवतोय की खरंच हरवलेत हे ओळखायला.

“सात नंबर कधी वेळेवर आलीय?” ती म्हणाली. “लोक चढतातच ना. बसा आता, गाडी सोडते.”

भाऊजी बसले. फोरमन पुढे सरकला, नर्स पुढे सरकली, ताईने दार लावलं आणि गिअर टाकला. गतिरोधकावर डॅशबोर्डवरची बस हलली आणि तिच्या दारावरचा ठसा उन्हात चमकला. त्या दिवशी आम्ही कारखान्याला अकरा मिनिटं उशिरा पोचलो. भाऊजींच्या हातात घड्याळ होतं, पण ते त्यांनी बघितलं नाही.